मायच्या कोऱ्या ओळी

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती.

डोकं फिरलंय. चूक माझीच निघाली, म्हणून जास्तच.

दुपारी पातूरहून वानखडे बाईंचा फोन. निवृत्त शिक्षिका. फुलं विकणाऱ्या त्यांच्या आईच्या आठवणी त्यांनी तिच्याच बोलीत उतरवल्यात, मी त्याचं ई-पुस्तक करतेय. काल पाठवलेला नमुना वाचून म्हणाल्या, "पोरी, माही माय इतकी भराभर कावून बोलून राहिली? ती थांबे तिथं मी कोरी ओळ ठेवली होती ना."

त्यांच्या मजकुराच्या मूळ एक्सएमएल फाइलमध्ये कोऱ्या ओळी होत्या. पुस्तकात एकही नाही. तीन तास त्या फाइलचं पुस्तकात रूपांतर करणारे एक्सएसएलटीचे नियम तपासत बसले. नियम बरोबरच होते. ओळी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हत्या, रूपांतराआधीच साफ होत होत्या. कारण नियमांच्या फाइलच्या अगदी वर माझीच सूचना: नुसती मोकळी जागा असेल ते काढून टाक. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या मालाच्या यादीसाठी लिहिलेली. तिथे मोकळी जागा म्हणजे कचराच. तेव्हापासून प्रत्येक कामात डोळे मिटून चिकटवतेय. का? सवय. सवय म्हणे.

सूचना काढली, कोऱ्या ओळी परत आल्या. एका पानावर "तुहा बाप गेला" नंतर सलग चार आहेत. मग, "मंग मी फुलं घेऊन बाजारात गेली."

कालच्या नमुन्यात ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटून होती. मी ती वाचली होती. वाचून बाईंना कळवलं होतं, सगळं बरोबर आहे.