एकाच ट्रेमधल्या वायरी

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार, आणि पोरांना पापा. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बराच सुधारलाय. जिना चढते आणि वर गेल्यावर कशाला चढलो ते विसरते. तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी लिहायला बसले. हे पाकीट मामा आणून देतील. रागानं फाडू नकोस, उघडून वाच.

भावजींच्या कामावर मी सही केली नाही, हा विषय आईकडे निघाला आणि तू ताटावरून उठलीस. म्हणालीस, ज्यांनी टेस्टर धरायला शिकवलं त्यांच्याच चुका काढतेस. खरंय, वीजजोडणी तपासायच्या या नोकरीत मी आहे ती त्यांच्यामुळेच.

पण ऐक. खोक्यांच्या कारखान्यातलं, भावजींनी वायरिंग केलेलं ते नवं मशीन दोन रोलरांमधून पुठ्ठा ओढतं. मोटारीला वीज नेणाऱ्या केबली जाड असतात. 'चालू हो', 'थांब' हा निरोप नेणाऱ्या वायरी बारीक, चोवीस व्होल्टच्या. दोन्ही वेगवेगळ्या ट्रेमधून, म्हणजे पत्र्याच्या लांब पन्हाळींमधून, मध्ये अंतर ठेवून न्यायच्या असतात. भावजींच्या माणसांनी त्या एकाच ट्रेमध्ये कोंबून पट्ट्यांनी आवळल्या. मग जाड केबल शेजारच्या निरोपात लुडबुड करते. कुणी बटण न दाबता मशीनला वाटतं, आपल्याला हाक आली. भावजींना हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण मशीन सुरू करायची तारीख डोक्यावर होती, दुसरा ट्रे आलाच नव्हता, आणि इतकी वर्षं काही झालं नाही तर आताच काय होणार, असं त्यांचं म्हणणं.

एवढं तू ऐकलं असशील. जे ऐकलं नाहीस ते लिहायला हात धजत नव्हता, म्हणून आईच्या गुडघ्यापासून सुरुवात केली.

भावजींची बोटं, त्यांनी तुला सांगितलं तशी, गाडीच्या दारात चेंगरलेली नाहीत.

गेल्या आठवड्यात मी तपासणीला गेले तेव्हा ते रोलरपाशी वाकून काहीतरी बसवत होते. मेन स्विच चालूच होता. शेजारची मोठी मोटार सुरू झाली आणि रोलर आपोआप जरासा फिरला, त्यात त्यांची बोटं चेंगरली. बटणाजवळ कुणीही नव्हतं. ते ओरडलेसुद्धा नाहीत. हात ओढून घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करताना पकडलंय. दवाखान्यात म्हणाले, "बारके, तिला सांगू नकोस." मी हो म्हटलं.

आता तिथल्या मॅनेजरांनी दुसऱ्या कुणाची तरी सही मिळवलीय. परवा सकाळी मशीन सुरू होणार. पहिला पुठ्ठा मीच घालतो, म्हणजे कुणाला शंका नको, असं भावजींनी सांगून ठेवलंय. त्यानंतर रोज तिथे दुसऱ्या कुणाचे तरी हात असतील. मी वर कळवलंय, पण तिथून माणूस येईतो परवा उलटून जाईल. भावजी माझं ऐकत नाहीत.

माझ्याशी कायमचं बोलणं टाकलंस तरी चालेल. त्यांना थांबव.

दिलेला शब्द मोडून,
बारकी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बारके,

मामांना आत यासुद्धा म्हटलं नाही, दारातच वाचलं. यांच्यासमोर जाऊन बसले. यांनी गाडीच्या दाराचं पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मी पत्र पुढे केलं. वाचून म्हणाले, आता गेलो नाही तर तोंड कसं दाखवू.

काल हे निघाले तेव्हा मी गाडीत शेजारी बसले. अडवलं असतं तरी हे गेलेच असते.

मशीनभोवती सगळे जमलेले. पहिला पुठ्ठा मी घालते म्हटलं तर मॅनेजरांना गंमत वाटली. पुठ्ठा धरून मी हात रोलरपाशी नेला आणि यांना म्हटलं, "मेन स्विच चालू असू द्या, मशीनचं बटण दाबू नका. फक्त शेजारची मोटार सुरू करायला सांगा."

मग यांनी मनगट धरून मला मागे ओढलं आणि म्हणाले, "वायरिंग चुकलंय. माझ्याकडून चुकलंय."

मॅनेजर भडकले. स्वतःच ती मोटार सुरू करायला लावली, बंद केली, पुन्हा लावली. रोलर हलला नाही. हसून यांना म्हणाले, बघा. मला वाटलं, संपलं सगळं. हे म्हणाले, "मी बघितलंय," आणि पट्टी बांधलेला हात त्यांच्यापुढे धरला.

नंतर कुणी हसलं नाही. पुढचं काम यांना मिळणार नाही, हे मॅनेजरांनी तिथल्या तिथे सांगितलं. पण कामगार म्हणाले, दुरुस्त झाल्याशिवाय आम्ही त्या जागी उभे राहणार नाही. आज यांची माणसं पट्ट्या कापून बारीक वायरी वेगळ्या काढताहेत. हे घरी मोजकंच बोलतात. तुझं नाव घेत नाहीत. घेतील की नाही, मला सांगता येणार नाही.

माझा राग सहीबद्दल नाही. आठवडाभर मी त्या बोटांना मलम लावत होते, गाडीच्या दाराला शिव्या देत होते, आणि तू ऐकून घेत होतीस. हा राग लवकर जायचा नाही. समजूत घालायला येऊ नकोस. यांच्या बाबतीत यापुढे काही वाईट घडलं तर आधी मला सांगायचं, मग हे काहीही म्हणोत.

रागात आहे, पण ताईच आहे.