उलटा बोर्ड

कामठा

प्रिय गुंजन बेटा,

फोन तू आईलाच करतेस आणि मला नुसता ‘नमस्कार सांग’ येतो, म्हणून पत्र लिहितो. धानकापणी झाली. घरी सगळे ठीक, फक्त तुझी आई रोज दिवेलागणीला माझ्यावर चिडते. तुझ्या खोलीतला बटणांचा बोर्ड मी उलटा बसवून घेतला आहे.

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेहून आलीस तेव्हा तू सांगितलं होतंस, तिथं बटण वर केलं की दिवा लागतो. इथंही पंधरा दिवस तू वरच दाबत राहिलीस. चार्जरचे चपटे पाय आपल्या गोल भोकांत जाईनात, तर लीलाधर वायरमन कानस घेऊन ते गोल करायला बसला होता. तू कसा ओढून घेतलास त्याच्या हातातून!

यंदा त्यालाच बोलावून म्हटलं, पोरीच्या खोलीतला बोर्ड उलटा कर, आली तर अडखळायला नको. “काऊन जी भाऊ, तब्येत बरी हाये ना?” म्हणाला, पण केला. कोणत्याही देशाचे पाय घेणारं सॉकेटही त्यानं गोंदियाहून आणलं. आता तुझी आई सवयीनं खाली दाबते, हात जोडते आणि मग कळतं, नमस्कार अंधाराला झाला. “पोरगी तं येऊन नाही राहिली, तिचा बोर्ड आला!” असं मला ऐकवते.

मी गेले दोन महिने त्याच खोलीत पोथी वाचतो. परवा मारुतीच्या देवळात आरतीला सगळे टाळ घेऊन उभे. दिवा वीस वर्षं मीच लावतो. बटण वर दाबलं, पुन्हा दाबलं आणि जाहीर केलं, लाईन गेली. मागे टाळ घेऊन उभ्या केवळरामनं हात घालून बटण खाली दाबलं, दिवा लागला. “भोजराजभाऊ, अमेरिकेले कवा जाऊन आले जी?” आरती हसतच सुरू झाली.

मला मात्र मान वर करवेना. तू परत निघालीस तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो, अमेरिकेत दोन वर्षं राहून पोरीचा हात परका झाला. तू तशीच गाडीत बसलीस. बेटा, हात परका होत नाही. रोजच्या भिंतीची त्याला सवय लागते, एवढंच. माझा तर घरबसल्या दोन महिन्यांत फिरला. मी चुकीचं बोललो. हे फोनवर सांगायला जीभ वळेना. उन्हाळ्यात ये. खोलीत शिरलीस की बटण वर कर, दिवा लागेल.

तुझाच, उलट्या हाताचा
बाबा