चौऱ्याऐंशी युनिट

१४ ऑक्टोबर

स्टॅम्परकाकांची साखर परत वर! टाचेची जखम चिघळलीय आणि सर्जनने सांगून टाकलंय — नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत साखर उतरली नाही तर पाऊल कापावं लागेल. इन्सुलिन साठ युनिटवर नेलं. डोस ठरवायचं काम इथे डॉक्टरांनी आम्हा फार्मासिस्टांवर सोपवलंय. माझं इथलं प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, संपेपर्यंत माझ्या प्रत्येक डोसखाली वरिष्ठ फार्मासिस्ट प्रुइटबाईंची सही लागते.

सही करताना बाई म्हणाल्या, "त्याला टोचून घेताना तू पाहिलंस?"

"रोज घेतो म्हणाले ना ते."

"तो काय म्हणाला ते नाही विचारलं मी, डेला."

बाहेर माणसं ताटकळली होती. पुढच्या वेळी बघते म्हटलं. बाईंनी सही केली. पदवी झाली, रेसिडेन्सीचं एक वर्ष झालं, हे दुसरं — तरी मला शाळकरी पोरीसारखं वागवतात. राग आला.

२१ ऑक्टोबर

फोनवर काका: "घेतो ना पोरी, एकही दिवस चुकवत नाही." आवाज अगदी गोड. साखर मात्र जागची हलत नाही. बहात्तर केलं.

२८ ऑक्टोबर

चौऱ्याऐंशी. काही फरक नाही! डोळे मिटले की ते पाऊल दिसतं.

४ नोव्हेंबर

काकांची मुलगी लॉर्ना केंटकीहून त्यांच्याकडे राहायला आलीय. आज दोघं क्लिनिकात आले. मला केवढं हायसं वाटलं! इन्सुलिनच्या पेनला सुई कशी लावायची, पोटावर कुठे टोचायचं, सगळं तिला शिकवलं.

"आजपासून संध्याकाळचं इंजेक्शन मी देणार," लॉर्ना म्हणाली.

"माझं मी घेतो की."

"गप्प बसा, डॅडी. तुमचं ऐकलं म्हणून तर पाय इथवर आला."

काका हसले नाहीत. एरवी माझ्या बुटांचीसुद्धा टर उडवणारा माणूस! सुईला घाबरत असतील. पण आता पाऊल वाचणार, नक्की.

५ नोव्हेंबर



काल क्लिनिक बंद करताना आठवलं. मी लॉर्नाला सुई दाखवत होते. वरचं टोपण काढलं, मग आतलं छोटं. तेव्हा काका वाकून म्हणाले होते, "अरे, आत आणखी एक टोपण असतं होय?" रोज टोचून घेणारा माणूस! त्यांच्या अंगात आजवर एक थेंब गेला नव्हता. मी वाढवत गेले ते नुसतं कागदावर. आणि त्याच संध्याकाळी लॉर्ना ते सगळं खरोखर टोचणार होती.

बाईंच्या खोलीत पळाले. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. लॉर्नाचा फोन लागेना — काकांचं घर आहे त्या दरीत रेंज नसते. घरचा कोणी उचलेना. बाईंनी शेरीफच्या ऑफिसला फोन केला. "आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा. इंजेक्शन झालं असो नसो, त्याला इस्पितळात आणा."

इंजेक्शन झालं होतं. पोलीस शिपाई पोचला तेव्हा काका स्वयंपाकघरात बसून सफरचंदाच्या मुरांब्याची बरणी चमच्याने संपवत होते आणि लॉर्ना त्यांच्यावर ओरडत होती. म्हणून तर तिला घरचा फोन ऐकू आला नाही. पहाटे साखर कोसळलीच, पण इस्पितळात होते, सलाइनमधून साखर दिली. वाचले. त्या मुरांब्याने फार मोठा आधार दिला, असं तिथले डॉक्टर म्हणाले. म्हातारा खादाड आहे हे नशीब!

बाई म्हणाल्या, "चौकशी होईल. सही माझी आहे, आधी मी बोलणार." मला रडू आलं. मी पाहायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

८ नोव्हेंबर

काकांना भेटायला गेले. लॉर्ना खाली कॉफी आणायला गेली होती. इतके दिवस "घेता ना?" एवढंच विचारत आले. आज "का नाही घेतलं?" विचारलं.

त्यांनी चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाले, "लॉर्नाच्या आईला इन्सुलिन मी टोचायचो, तेव्हा साध्या सिरिंजने. डॉक्टरांनी डोस वाढवून दिला होता. कागदावर होता तेवढाच मी दिला, पोरी. सकाळी ती उठली नाही."

दाराकडे बघत म्हणाले, "लॉर्नाला हे ठाऊक नाही. त्या संध्याकाळी तिने टोचलं, आणि मला काही करून सकाळी उठायचं होतं. म्हणून ती मुरांब्याची बरणी."