माझ्या खोलीतलं एक मत

१२ ऑक्टोबर २०१४, रविवार

लिही साबिहा, आणि मी बोलते तेच लिही. पोस्टातल्या अर्जासारखं नीटनेटकं करू नकोस. साबिहा माझी थोरली. लग्न केलं नाही, पोस्टात शिक्के मारते. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात — मला काय कळतंय, मला सगळी अक्षरं मुंग्याच! म्हणून तिनं लिहायचं आणि लगेच वाचून दाखवायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मला कळतो.

माझा मुलगा लुत्फी संसदेसाठी उभा आहे. कुठल्या पक्षाकडून नाही, स्वतःचीच यादी काढली आणि स्वतःच तिच्यात पहिला बसला. निशाणी पूल. आमच्या केरकेना बेटापासून थेट पलीकडच्या स्फाक्स शहरापर्यंत समुद्रावर पूल बांधणार म्हणतो. खुराड्याचं दार तीन वर्षं एका बिजागरीवर लोंबतंय.

माझा म्हातारा, त्याचा बाप, त्याच्याशी बोलत नाही. खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण घालून मासे धरायची आमची समुद्रातली जागा, पणज्यापासून चालत आलेली, ती लुत्फीनं परक्याच्या हाती दिली. का, तर प्रचाराला वेळ हवा. तेव्हापासून दोघं माझ्यामार्फत बोलतात. "तुझ्या मुलाला सांग, मीठ सरकव." मीठ दोघांच्या मधोमध असतं.

१६ ऑक्टोबर

ऑक्टोपसचा हंगाम सुरू झाला. म्हातारा पहाटे ऑक्टोपस धरायची मडकी घेऊन गेला, चार मोठे आणले. मी आपटून आपटून मऊ केले. हात अजून चालतात.

लुत्फी आला तो पेन घेऊनच. "आई, हे धर. एकतिसावा चौकोन, त्यात पूल. तिथं फुली मारायची. चौकोनाबाहेर गेलीस तर मत बाद."

जन्मात पेन धरलं नव्हतं मी. पिठाच्या पुड्याच्या कागदावर फुल्या मारत बसले. पहिल्या दहा खेकड्यासारख्या आल्या. म्हातारा म्हणाला, "ऑक्टोपसाला पेन दिलं तर याहून बरं काढील, त्याला आठ हात आहेत." मी म्हटलं, "तुला दोन असून काय दिवे लावलेस?"

२० ऑक्टोबर

आज साबिहाला लिहायला बसवलं ते जुनं आठवलं म्हणून. पूर्वीही मतदान असायचंच की. गावचा सरकारी मुखिया दारात यायचा. प्रत्येक यादीचा कागद वेगळ्या रंगाचा, सरकारचा लाल. तो म्हणायचा, "महबूबा, लाल." आधी बापानं सांगितलं लाल, मग नवऱ्यानं. मी लालच टाकत आले. रंग ओळखायला अक्षर लागत नाही ना. उरलेले रंग बाहेर टोपलीत टाकायचे, आणि टोपलीजवळ कोण उभं राहून बघतंय ते सगळ्यांना माहीत असायचं.

मग क्रांती झाली. राजधानीतला, ट्युनिसमधला तो मोठा, देशाचा अध्यक्ष, पळून गेला. आता एकच मोठा कागद, सगळ्या निशाण्या एकाखाली एक, आणि आत पडद्यामागे तुम्ही एकटे.

२२ ऑक्टोबर

नजीहा आली होती. आपल्या दवाखान्यातली परिचारिका, तीही एका यादीत पहिली आहे, निशाणी कंदील. चटईवर बसली, चहा घेतला, माझे सुजलेले गुडघे बघितले. मी विचारलं, "तू काय बांधणार?"

"मी काही बांधणार नाही, खाला. रात्री बाळंतीण अडली की बोट नसते. रात्रीची एक बोट मागणार."

"आणि?"

"आणि एवढं मिळालं तर पुष्कळ झालं."

गेल्यावर बराच वेळ मी तिचा पेला विसळलाच नाही. माझी दुसरी सून, मधल्याची बायको, अशीच गेली होती. सकाळच्या पहिल्या बोटीची वाट बघत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उद्या मतदान, म्हणून आज प्रचार बंद. घर किती शांत.

साबिहाला सांगितलं, मी कंदिलावर फुली मारणार. तिनं पेन खाली ठेवलं. "आई, लुत्फी तुझा मुलगा आहे."

"म्हणून तर जेवायला वाढते. मत कशाला?"

"त्याला कळलं तर?"

"कसं कळेल? पडदा आहे." मग म्हटलं, "बापानं सांगितलं लाल, नवऱ्यानं सांगितलं लाल. आता मुलगा सांगतोय पूल. मग क्रांती कुठल्या घरात झाली?"

हे तिनं लिहिलं. वाचूनही दाखवलं. तू कुणाला देणार, विचारलं, तर म्हणते, "मतदान गुप्त असतं, आई." शिकवलेलं आपल्याच अंगावर येतं!

२६ ऑक्टोबर

झालं. माझ्या हातानं! दीड तास रांगेत. तिथल्या कामावरच्या मुलीनं खुर्ची दिली, मी बसले नाही. डाव्या हाताचं बोट निळ्या शाईत बुडवलं. कागद घराच्या दाराएवढा. कंदील वरून नववा. फुली चौकोनात बसली, एक शेंडासुद्धा बाहेर नाही.

शाळेत मतदानाच्या खोल्या ओळखपत्राच्या आकड्यावरून ठरतात, म्हाताऱ्याचीही खोली तीच. आमची ओळखपत्रं एकाच दिवशी काढलेली, आकडे लागोपाठ. त्यानं कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत सांगितलं, "मी कोरा कागद टाकला."

संध्याकाळी साबिहा म्हणाली, मोजणी झाली की प्रत्येक खोलीच्या दारावर आकडे लावतात, कुठल्या यादीला किती. आमच्या खोलीत सगळे म्हातारे, पुलाला हसणारे. लुत्फीच्या नावापुढे शून्य दिसलं तर? आख्खं बेट म्हणेल, आईनंसुद्धा दिलं नाही. मला लाज माझी नाही वाटत. त्याची वाटते.

तरी फुली परत मारायची झाली तर कंदिलावरच मारीन. हे लिही.

२७ ऑक्टोबर

लुत्फी शाळेतून आकडे बघून आला, डोळे लाल. त्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरून चुंबन घेतलं. "आई, तुझ्या खोलीत एक. फक्त एक, पण आहे. तुझं."

साबिहानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

कंदिलाला त्याच खोलीत एकोणीस. एकोणिसातलं एक कुणाचं ते मी मिरवू शकत नाही, म्हणून इथे लिहवून ठेवते — माझं!

पण मग पुलाचं ते एक कुणाचं?

२९ ऑक्टोबर

सकाळी आम्ही दोघं जाळ्याची भोकं शिवत होतो. म्हातारा मान वर न करता म्हणाला, "ते एक तुझं नव्हतं."

"तुला काय ठाऊक?"

"एकच होतं. ते मी टाकलं."

मी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिले. तो म्हणाला, "त्याला सांगू नकोस. आईचं म्हणून गोड लागलंय. माझं म्हटलंस, तर ते मत परत द्यायला येईल."