फळ्यावरचं पत्र

सोमवार, २० फेब्रुवारी १९६१

१२ तारखेच्या नोंदीत एक वाक्य खोटं आहे. आधी ते दुरुस्त करते, मग पुढचं.

मी लिहिलंय— 'हेस्टर लिडगेटचं पत्र मिस गार्बेटनी फाडायला लावलं.' मिस गार्बेट त्या वेळी वर्गात नव्हत्याच. आणि पत्र फाडलंही नाही. ते मी वाचलं, मधल्या चार ओळींवर लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, "हे पुन्हा लिही, नीट." तिने लिहिलं. नीट लिहिलं. पहिलं पत्र माझ्या हातमोज्यांच्या खणात आहे.

मुख्याध्यापिकेचं नाव मी का घुसडलं? जी वही कुणी वाचणार नाही तिच्यात! घरी शिकवणी संपली की बाबा रोज विचारायचे, "ॲव्हरिल, आज कुठलं वाक्य खरं नव्हतं?" मी बोट ठेवून दाखवायचे. बावीस वर्षांची झाले, अजून बोट ठेवते आहे.

बुधवार, २२ फेब्रुवारी

त्या चार ओळी इथे जशाच्या तशा उतरवते. म्हणजे पुन्हा चूक नको.

'आई, तू विचारलंस म्हणून खरं सांगते. मला इथे बरं वाटत नाही आणि त्या मोठ्या शाळेत तर राहायचंच नाही. मी सिबिलमावशीकडे श्रूजबरीला राहीन, तिच्या कुत्र्यांना फिरवीन आणि तिथल्या दिवसाच्या शाळेत जाईन. त्या शाळेतल्या मुली चहाला घरी जातात.'

हेस्टर दहा वर्षांची आहे. आईवडील नैरोबीला. दोन वर्षांत त्यांची एकदा भेट झाली आहे.

रेघ का मारली, तर नियम म्हणून. मी सप्टेंबरात रुजू झाले त्या दिवशीच मिस गार्बेटनी सांगितलं होतं, "मिस ओर्म, रविवारचा पत्रांचा तास तुमच्याकडे. प्रत्येक पत्र वाचायचं आणि मगच पाकिटात घालायचं. चांगली मुलगी घरी रडगाणं पाठवत नाही. पत्र पोचायला चार दिवस लागतात. तोवर पोर सगळं विसरून मैदानात पळत असते आणि आई तिकडे आफ्रिकेत डोळे पुसत बसते. ह्यात दया कुठली?"

मला ते पटलं होतं. खरंच पटलं होतं— हेही लिहायला हवं.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

आमच्या वसतिगृहाच्या मेट्रन, मिसेस बीडल, मोज्यांचे ढीग लावत होत्या. मी विचारलं, दिवसाची शाळा म्हणजे इतकं काय वाईट असतं?

"अगं पोरी, तू कुठल्या शाळेत होतीस?"

"कुठल्याच नाही. बाबांनी घरी शिकवलं."

"तरीच! ऐक. पाचव्या वर्षी बाळांची शाळा. ती कशासाठी? तर आपल्यासारख्या शाळेची तयारी करायला. आठव्या वर्षी ट्रंक घेऊन आपल्याकडे. आपण मोठ्या शाळेची तयारी करून घेतो. मुलग्यांच्या मोठ्या शाळेला पब्लिक स्कूल म्हणतात, म्हणजे पब्लिकने कुंपणाबाहेरून बघायचं! तिथून पुढे मुलगे फौजेत नाहीतर कचेरीत, मुली लग्नाला."

"आणि दिवसाची शाळा?"

"ती डॉक्टरांच्या, पेढीवाल्यांच्या मुलींची. फी तिथेही भरतात, पण संध्याकाळी घरी जातात. पोरी बऱ्या निघतात हो. उलट खोकला कमी. पण मोठ्या शाळेत गेलेल्या मुलींची बाईसाहेबांची ती सोनेरी पाटी आहे ना, तिच्यावर त्यांचं नाव लागत नाही, आणि पाटी वाचूनच तर नवे पालक ट्रंका उतरवतात." त्यांनी एक मोजा माझ्या नाकासमोर धरला. "हा बघ. ह्याला टाच आहे का? पण बाहेरून बुटात कुणाला दिसतंय!"

सगळी तयारीच. ज्याची तयारी ते येतं कधी?

रविवार, २६ फेब्रुवारी

आज पत्रांच्या तासाला घडलं ते घडलं तसं लिहिते.

लहान मुलींना काय लिहावं सुचत नाही, म्हणून मी फळ्यावर नमुना घालते. खडू घेतला आणि लिहिलं— 'हवा छान आहे. आम्ही सामना जिंकलो. मी मजेत आहे. पुडिंग चांगलं होतं.' शेवटच्या वाक्यावर हात थांबला. ही वाक्यं मी आधीही लिहिली आहेत. ह्याच क्रमाने.

ऑब्रीची वाक्यं!

ऑब्री आठव्या वर्षी शाळेत गेला. मी सात वर्षांची, घरीच. त्याचं पत्र दर सोमवारी यायचं. बाबा ते नाश्त्याला मोठ्याने वाचायचे आणि मग अभ्यासिकेत मला शुद्धलेखन म्हणून तेच पत्र सांगायचे. पाच वर्षं मी माझ्या भावाची पत्रं टाक बुडवून लिहून काढली. 'मी मजेत आहे.' मला त्याचा किती हेवा वाटायचा! सामने, पुडिंग, इतकी मुलं.

तेव्हा त्याच्याही वर्गात फळा होता. आणि फळ्यापाशी कुणीतरी खडू धरून उभं होतं, माझ्यासारखं.

मागे वळले. अठरा मुली मान खाली घालून उतरवून घेत होत्या. कुणीही वर पाहत नव्हतं. टाकांचा आवाज तेवढा.

सोमवार, २७ फेब्रुवारी

दिवसभर पाठीमागे टाकांचा आवाज. गणिताच्या तासाला शिसपेन्सिली होत्या, तरीही.

बुधवार, १ मार्च

ऑब्रीबद्दल जेवढं नक्की आठवतं तेवढंच लिहिते. आठवणीला फोडणी नको.

सुट्टीत घरी आला की तो ट्रंक रिकामी करायचा नाही. रोज लागेल तो कपडा काढायचा, घडी करून परत ठेवायचा. टेबलावरून उठायला परवानगी मागायचा. आईने "अरे, घर आहे हे!" म्हटलं की म्हणायचा, "हो, आभारी आहे." एकदा मी त्याला म्हटलं, मलाही तुझ्या शाळेत यायचंय. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ट्रंकेचं झाकण लावलं. अठराव्या वर्षी कॅनडाला गेला. पाच वर्षं झाली. नाताळला छापील कार्ड येतं, खाली फक्त नाव.

बाबा म्हणतात, "ऑब्री कधीच तक्रारखोर नव्हता."

शनिवार, ४ मार्च

खेळाच्या तासाला हेस्टर मैदानावर नव्हती. ट्रंकांच्या खोलीत सापडली. स्वतःच्या ट्रंकेवर बसली होती, पाय जुळवून, हात मांडीवर, फलाटावर बसावं तशी. ओल्या लोकरीचा वास. खिडकीतून थोडा उजेड.

मी शेजारी बसले. म्हटलं, "हेस्टर, ते पत्र... तुला राग आला का माझा?"

"नाही, मिस ओर्म. माझीच चूक होती."

"चूक नव्हती गं."

"तुम्ही लाल रेघ मारलीत." अगदी समजावून सांगावं तसं म्हणाली. "आईने विचारलं होतं, कुठल्या शाळेत जाशील? मी उत्तर लिहिलं, ते चुकलं. मग मी बरोबर लिहिलं."

मी विचारलं, "आता मी विचारते. तुला खरंच काय हवंय?"

ती उभी राहिली. पाठ ताठ. "मला मोठ्या शाळेत जायला आवडेल. तिथे हवा छान असते."

हे तिचं वाक्य नव्हतं. त्यात माझा खडू होता.

रविवार, ५ मार्च

फळा कोरा ठेवला. म्हटलं, मनातलं लिहा. अठराही मुलींनी मागच्या रविवारचंच पत्र लिहिलं. पाठ झालं आहे त्यांना.

मंगळवार, ७ मार्च

मिस गार्बेटनी मला खोलीत बोलावलं. हातात हवाई टपालाचा निळा कागद, चेहरा प्रसन्न.

"मिसेस लिडगेटचं पत्र आहे, नैरोबीहून. बसा ना! ऐका— 'जानेवारीत आम्ही हेस्टरला स्पष्ट विचारलं होतं. मोठ्या शाळेत मन नसेल तर सांग, माझी बहीण सिबिल तुला आनंदाने ठेवून घेईल. त्यानंतर तिची इतकी आनंदी पत्रं आली की आमच्या मनावरचं ओझं उतरलं. २५ मार्चच्या आत आम्ही त्या शाळेला होकार कळवतो.' पाटीसाठी रंगाऱ्याला सांगून ठेवायला हवं."

जानेवारीत विचारलं होतं. 'तू विचारलंस म्हणून'— हे शब्द मी वाचले होते. वाचले, आणि त्यांच्यावरूनच रेघ ओढली!

मी म्हणाले, "मिस गार्बेट, तिने पहिल्यांदा वेगळं लिहिलं होतं. तिला मावशीकडे जायचंय."

"असं? कुणी तपासलं होतं ते पत्र?"

"मी."

"मग उत्तम तपासलंत." त्या हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. "तुम्ही शाळेत गेला नाहीत, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. सगळ्याच रडतात. मीही रडले होते. सात वर्षांची होते आणि माझी आई त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. थांबतं ते, मिस ओर्म. एक दिवस आपोआप थांबतं."

"थांबल्यावर काय होतं?"

त्यांनी कागदाची घडी घातली. बराच वेळ घालत होत्या. "मग माणूस कामाला लागतं," म्हणाल्या. "दार लावून घ्या."

बुधवार, ८ मार्च

दोन रस्ते. पहिलं पत्र सोबत चिठ्ठी घालून नैरोबीला पाठवायचं, तेही आजच, म्हणजे वेळेत पोचेल. किंवा गप्प बसायचं.

पाठवलं तर मी शाळेचा विश्वास मोडला. पगार घेते, नियम मान्य करून आले. न पाठवलं तर एका मुलीचं उत्तर चोरलं. हिशेब दिसायला सरळ आहे, तरी हात उचलत नाही. मला घरी असंच वाढवलंय, परवानगीशिवाय बरोबरही वागायचं नाही.

बाबांना लिहिलं, सगळं, नावं न घेता. त्यांच्याइतकं सरळ माणूस मला माहीत नाही. त्यांचं उत्तर आलं की पाठवीन. चार दिवस उशीर, पण शुद्ध मनाने.

शनिवार, ११ मार्च

टपाल नाही. हेस्टर जेवत नाही असं नाही, नीट जेवते. 'पुडिंग चांगलं होतं' असं म्हणते. तेच सहन होत नाही.

रविवार, १२ मार्च

पत्रांचा तास. हेस्टर सगळ्यांत आधी उठली आणि पत्र माझ्यापुढे धरलं. "ह्यात काही नाही, मिस ओर्म," म्हणाली.

मी ते न वाचता पाकिटात घातलं. तिने पाहिलं आणि घाबरली. "तपासा ना! चुकलं असेल तर?"

सोमवार, १३ मार्च

मिसेस बीडलना विचारलं, इथून कधी कुणी पत्र चोरून पाठवलंय का?

"स्वयंपाकघरातली डोरिस टाकायची पूर्वी, एका पोरीची."

"मग?"

"मग काय! पोरीची आई बाईसाहेबांना फोन करून म्हणाली, 'माफ करा हं, तुम्हाला त्रास.' डोरिसला नारळ मिळाला." त्यांनी दोरा दाताने तोडला. "अगं, ह्या आया स्वतः अशाच शाळेत वाढल्यात. त्यांना वाटतं, पोटदुखी हा विषयच आहे, आठवीपर्यंत शिकवतात."

हसायला हवं होतं मला.

बुधवार, १५ मार्च

बाबांचं उत्तर आलं. तारखेसकट उतरवते, एकही शब्द न बदलता.

'१३ मार्च. प्रिय ॲव्हरिल, घाई करू नकोस. तुला आम्ही कधी सांगितलं नाही, पण ऑब्रीचंही असं एक पत्र आलं होतं, तिसऱ्याच आठवड्यात. तिथल्या माळ्याने टाकलेलं. "मला घरी न्या" एवढंच सहा वेळा लिहिलं होतं. तुझ्या आईच्या दृष्टीला पडण्याआधी मी ते त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे परत पाठवलं. पाठीमागून काही करणं बरोबर नव्हे. त्यांनी ते शहाणपणाने हाताळलं असावं, कारण ऑब्रीने पुन्हा तसं कधी लिहिलं नाही. पुढच्या सोमवारी त्याचं नेहमीचं पत्र आलं. तुला आठवेल, शुद्धलेखनाला सांगितलं होतं.'

आठवतं.

नैरोबीला काहीही पाठवत नाही. पत्र परत पाठवता येतं. दारात उभी असलेली पोर सिबिलमावशीला परत पाठवता येणार नाही, निदान तिच्या डोळ्यांत पाहिल्याशिवाय तरी नाही. हेस्टर तिथे गप्प राहिली तर तिची चार वाक्यं मी म्हणेन, मला पाठ आहेत. माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे. बाबांना कळवीन, पण नंतर. परवानगी मागत नाही.

शनिवार, १८ मार्च. सकाळची सव्वादहाची श्रूजबरीची बस. तिकिटं दोन.