ताई, रॅप वेगळं आणि हिपहॉप वेगळं

प्रिय ताई,

आधी बसून घे, उभ्याउभ्या वाचायचं पत्र नाही हे. तुझ्या या शेपटीनं, जिला शाळेत समूहगीतात मागच्या रांगेत उभं करून "तू नुसते ओठ हलव" असं सांगायचे, तिनं बीट बनवलाय! रॅप करणाऱ्याच्या मागे जे वाजत असतं ना, ड्रम, बेस, मधूनच येणारा एखादा सूर, ते सगळं माझं. काल हॉलमध्ये तो वाजला आणि तिथल्या सगळ्यांच्या माना एकदम हलायला लागल्या. मला बरं वाटावं म्हणून नाही गं, आपोआप! मी भिंतीला टेकून गाणं ऐकायचं सोडून त्या मानांकडेच बघत राहिले. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजमध्ये हे मावणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय.

सुरुवात तुझ्याच लॅपटॉपवर झाली. तू घर सोडून निघालीस त्या सकाळी तो आणि तुझे ते गाडीच्या टायरएवढे हेडफोन माझ्या पलंगावर ठेवलेस आणि म्हणालीस, "घे, माझं हिपहॉप संपलं." तेही इतक्या बारीक आवाजात, की मला ऐकू कमी आलं आणि ओठांवरून जास्त कळलं. मला लॅपटॉप सिनेमे बघायलाच हवा होता, खोटं कशाला बोलू. पण एका रविवारी भलतंच काहीतरी दाबलं गेलं आणि पडदाभर चौकोन उघडले. एकावर बोट ठेवलं, तर ढप्प! दुसऱ्यावर ठेवलं, तर फाट! मी तिथेच मांडी घातली. जेवायला हाका मारून मारून आई शेवटी दारात येऊन उभी राहिली, आणि मी तिलाच म्हटलं, हे ऐक, हा किक, हा छातीत लागतो. हा स्नेअर, हा थप्पड मारतो. आणि ही बारीक किटकिट म्हणजे हाय-हॅट. आई म्हणाली, "भात गार होतोय."

माझा पहिला बीट ऐकला असतास तर नातं तोडलं असतंस. जेवढे चौकोन दिसले तेवढे मी भरून टाकले होते. भांड्यांची मांडणी जिन्यावरून गडगडत यावी तसं वाजत होतं ते. दुसऱ्या वेळी बेस ऐकूच येईना. लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो येतच नाही हे मला कुठे माहीत? मी आपली वाढवत गेले, वाढवत गेले, आणि मग हौसेनं बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरला जोडलं. कपाटाच्या काचा थरथरल्या, आणि बाबा टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण तसाच ठेवून बाथरूममधून धावत आले. "गिझर फुटला का?" अजूनही मी लॅपटॉप उघडला की ते आधी गिझरकडे बघून येतात.

मग दवाखान्यातली गंमत. माझं काम काय, तर माणसाला त्या बंद खोक्यात बसवायचं, कानात बारीक शिट्ट्या सोडायच्या आणि ऐकू आली की बटण दाब म्हणायचं. इतकी वर्षं लोकांचे कान तपासले, पण स्वतःचे कधी वापरलेच नव्हते असं आता वाटतं. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, खोक्याचं दार लागलं आणि मी जागच्या जागी थबकले. तो किक होता! असा भरीव, गोल आवाज मला तयार आवाजांच्या कुठल्याच साठ्यात सापडला नव्हता. मॅडमना विचारून फोनवर तो रेकॉर्ड केला. मग त्यांच्या स्टीलच्या ड्रॉवरचा स्नेअर केला आणि पेनाच्या टकटकीची हाय-हॅट. आपल्या मॅडम म्हणजे आठवड्याला एक वाक्य बोलणार. त्यांनी हेडफोन लावून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "हा माझा ड्रॉवर आहे ना? जरा मोठा करा त्याला."

पण काहीतरी अडत होतं. सगळं वेळेवर पडत होतं, तरी मेल्यासारखं. शेवटी दाढीकडे गेले. तुझा दाढी, तुझ्यामागे रेकॉर्ड फिरवायचा तोच. अजून त्याच दुकानात ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, अजून चष्मा दोरीनं गळ्यात अडकवतो. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "पाठांतर म्हणून दाखवतेयस." मग माझा हात धरून स्नेअर अगदी केसभर मागे सरकवायला लावला. ताई, केसभर! आणि तो मघाचा ताठ बसलेला बीट एकदम खुर्चीत रेलून बसला, पाय हलवायला लागला. मग म्हणाला, आता अर्धं काढून टाक. मी काकुळतीला आले, एवढं खपून केलंय रे! तर म्हणे, "ज्याला यावर काही सांगायचंय, त्यानं बसायचं कुठे? तुझ्या मांडीवर?"

त्यानंच मला बॅडमिंटन हॉलवर नेलं. तुझ्या ग्रुपमधले सगळे अजून शनिवारी सकाळी तिथेच जमतात. मी शहाणी जाऊन म्हणते काय, मला तुमच्या रॅप ग्रुपमध्ये यायचंय. जो हशा पिकला! तुमची नाचणारी स्प्रिंग तेव्हा हातांवर उलटी उभी होती. ती तशीच, डोकं खाली पाय वर, माझ्यासमोर चालत आली आणि म्हणाली, "मी स्टेजवर आजवर एक शब्द बोललेले नाही. मग मी इथे काय करते, सांग." तिच्या शेजारी भिंती रंगवणारी ती उंच मुलगी, कोपरापर्यंत निळी झालेली, म्हणाली, "आणि मी? मला तर चारचौघांत बोलायचीच भीती वाटते." मग दाढीनं मला समजावलं. रॅप म्हणजे तोंडानं करायची गोष्ट, तालावर बोलणं. हिपहॉप म्हणजे ती जिथे राहते ते घर. त्या घरात रेकॉर्ड फिरवणारे राहतात, नाचणारे राहतात, भिंती रंगवणारे राहतात, माझ्यासारखे ड्रॉवर वाजवणारे राहतात. "रॅप करणारा सगळ्यांत मोठ्यानं बोलतो," तो म्हणाला, "म्हणून बाहेरच्यांना वाटतं घर त्याच्या नावावर आहे. टूथपेस्टच्या जाहिरातीतही रॅप असतं गं. त्याला हिपहॉप म्हणशील?"

सगळे हसत होते आणि मला मात्र आपलं घर आठवलं. कारण आपण घरातही तेच धरून चाललो होतो. ताई रॅप करते, म्हणजे ताईचं हिपहॉप. मग तुझ्या गळ्यातली गाठ काढली. तू घरी आलीस, आईनं देवापुढे डोकं टेकलं, बाबा कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. आवाज येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणत राहिले. आला तोही, पण फाटलेला, शब्दाच्या मधोमध नुसती हवा होऊन जाणारा. आणि तू दार लावून घेतलंस. आम्हीही बाहेरून ढकललं नाही, कारण आम्हालाही वाटलं की आवाज गेला म्हणजे सगळंच गेलं.

पण ताई, हॉलमध्ये मी तुझ्याबद्दल जे ऐकतेय त्यात रॅपचा नंबर बराच खाली लागतो! स्प्रिंग म्हणते, गाणं कुठे तोडायचं आणि तिनं कुठल्या ठोक्यावर जमिनीवर यायचं, हे तू ठरवायचीस. निळ्या कोपरांची म्हणते, भिंतीवर काळा रंग कमी कर हे तू सांगितलंस आणि तिचं चित्र सुधारलं. आणि दाढी, तो तर माझा बीट ऐकता ऐकता मधेच म्हणतो, "इथे तिनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं असतं." त्यांना शब्द लिहिणारे मिळालेत, दोन मुली आहेत, भन्नाट आहेत, बंदुकीच्या गोळीसारख्या बोलतात. पण हात वर करणारं कोणी नाही. ती जागा तशीच आहे, आणि तिच्यासाठी गळा लागत नाही.

आता मुद्द्याचं. महिनाअखेरीला वाचनालयाच्या अंगणात कार्यक्रम आहे आणि माझ्या बीटनं तो सुरू करायचं ठरलंय. काल तोच वाजवला. माना हलल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, की मधूनमधून येतो तो आवाज कसला? स्प्रिंगला वाटलं, दोरखंड घासला जातोय. उंच मुलीला वाटलं, कोरड्या भिंतीवर ओला ब्रश. दाढी मात्र चष्मा काढून पुसत बसला. ताई, तो तुझा आवाज आहे. मागे चुकून तुझं बोट लागलं आणि मला तुझा आवाजी मेसेज आला, "अगं, ऐक ना," एवढाच, आणि 'ना'च्या आधीच फाटलेला. लगेच तू लिहिलंस, चुकून गेलं, काढून टाक. मी काढला नाही. तो कापला, त्याचे तुकडे केले, एकाचा सूर वर चढवला, एक उलटा फिरवला, आणि मग मला कळलं की जिथे तो फाटतो तिथेच सगळ्यांत सुंदर वाजतो. दया म्हणून घातलेला नाहीये. त्या जागी मी दार घालून पाहिलं, ड्रॉवर घालून पाहिला, दाढीच्या रेकॉर्डवरची बासरीही घालून पाहिली. दुसरं काही तिथे बसतच नाही. कोणाचा आवाज आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तो तुझा आहे, तुला विचारल्याशिवाय स्टेजवर जाणार नाही. तेच विचारायला हे पत्र. नाही म्हणालीस तर त्याच दिवशी पुसून टाकीन, तुझी शपथ, आणि तरीही तू शनिवारी हॉलवर यावंस असं म्हणत राहीन. फक्त उत्तर लिहून पाठवू नकोस. 'हो' असो की 'नाही', बोलून पाठव, निघेल तशा आवाजात.

वाट बघत हेडफोन लावून बसलेली,
तुझीच,
शेपूट