गव्हर्नरची आई

प्रिय आई,

तू नऊ वर्षांची, मी सदुसष्टची. हे पत्र कुणा परक्याच्या हाती लागलं तर तो मला वेड्यातच काढेल. पण आमची आई गेली आणि महिन्याभरात तू जन्मलीस. माझ्या भावाने, जुसिपीने, तिचं उल्लुरिआक हे नाव तुला दिलं, आणि त्याची पोर असूनही तू माझी आई झालीस. आपल्या गावात नावाबरोबर माणूसही परत येतो, याचं कुणाला नवल नाही.

इथे गव्हर्नरच्या बंगल्यात माझं बरं चाललंय. सह्या करायच्या, फिती कापायच्या, आणि मी खोलीत शिरले की सगळ्यांनी उभं राहायचं. राजदूत होते तेव्हा निदान भांडता यायचं. सीलच्या कातड्यावरची बंदी उठावी म्हणून परक्या मंत्र्यांशी आठ वर्षं वाद घातला. आता त्याच कातड्याचे बूट घालून गोड हसते. वाळवलेला मासा संपलाय. जुसिपीला म्हणावं, आणखी पाठव, वासाने स्वयंपाकी कुरकुरला तर कुरकुरू दे.

तू चार वर्षांची असताना मी एका मंत्र्याला घेऊन गावी उतरले होते, आठवतं? तू धावपट्टीवरच कमरेवर हात ठेवून विचारलंस, "लेकी, टोपी कुठाय तुझी? आजारी पडलीस तर कोण बघणार?" मंत्र्यादेखत मी निमूट टोपी घातली. हुबेहूब आईच रागावली होती, आणि मला फार बरं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात मी तुमच्या शाळेत आले. बाईंनी तुम्हाला शिकवून ठेवलं होतं. तू उठून उभी राहिलीस, मान लववून म्हणालीस, "महामहीम, आपलं स्वागत आहे." आणि मी काय केलं? धन्यवाद म्हणून हात मिळवला नि पुढच्या मुलाकडे वळले. मागे गावातली म्हातारी पासा पुटपुटली, "आईला रांगेत उभं केलं हिने. मोठी झाली गं बाई." जेवताना तू लांब बसलीस. विमानाकडे मी मुद्दाम उघड्या डोक्याने चालत गेले. तू पाहिलंस, पण रागावली नाहीस.

आता घरातही तू मला गव्हर्नर म्हणतेस, असं जुसिपी सांगत होता. यात चूक माझी आहे, आई. मला फार लाज वाटते. समुद्रावरचा बर्फ फुटायच्या आत मी पुन्हा येतेय. सगळे उभे राहतील, राहू देत. तू मात्र बसून राहा, मी तुझ्यापुढे उभी राहीन. टोपी घालणार नाहीये. रागावशील ना?

तुझीच लेक,
सिआसी